समुद्राची पैसेवारी

(किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दुष्काळी भागात ज्यांनी काम केले आहे त्यांना पैसेवारी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. गावातली मोजकी शेते निवडावयाची, तेथे पीककापणीचे प्रयोग करावयाचे, आणि त्यावरून साऱ्या गावाच्या पिकाचा अंदाज बांधावयाचा, अशी ही रीत. अंदाज ५० पैशांच्या खाली गेला तर सवलतींचा मार्ग खुला होतो. वर राहिला तर डोळ्यांदेखत करपलेले पीकही सरकारदरबारी उभेच राहते. आपले कार्यकर्ते तहसील कचेरीवर मोर्चे नेत आले ते पुष्कळदा या आकड्यासाठीच. कोणती शेते निवडली, निवड कोणी केली, पंचनाम्याच्या वेळी कोण हजर होते, हे प्रश्न आपण विचारीत आलो. गणित चुकीचे असते असे आपण कधीच म्हटले नाही. गणितात काय घातले, ते दाखवा, एवढेच आपले म्हणणे होते.

आज मला असे सांगावयाचे आहे की, समुद्राचीही पैसेवारी होते, आणि ती आपण अजून वाचावयास शिकलेलो नाही. समुद्रात मासे किती आहेत, त्यांतले वर्षाला किती काढले तर साठा टिकेल, किती नौकांना परवाना द्यावा, या साऱ्याची उत्तरे आता जगभर गणिती प्रतिमानांतून काढली जातात. शेतातील पीक निदान डोळ्यांना दिसते. पाण्याखालचा मासा कोणालाच दिसत नाही. त्यामुळे येथे आकड्याची सत्ता शेतापेक्षाही मोठी आहे.

या गणिताचा उगम मोठा बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ॲड्रियाटिक समुद्रातील मासेमारी थंडावली होती. व्हेनिस, ट्रिएस्ट आणि फियुमे येथील मासळीबाजारांच्या नोंदी चाळताना दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाला असे आढळले की, त्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचे बाजारातील प्रमाण वाढले होते. हे का घडावे, असा प्रश्न त्याने आपले सासरे व्हितो व्होल्तेरा या थोर गणितज्ञांना विचारला, आणि १९२६ साली व्होल्तेरांनी भक्ष्य आणि भक्षक यांच्या वाढ-घटीची समीकरणे मांडली. पुढे १९३१ साली मुसोलिनीच्या राजवटीने प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा बाराशेंहून अधिक प्राध्यापकांपैकी जे बाराच्या आसपास लोक ठामपणे नकार देऊन उभे राहिले, त्यांत व्होल्तेरा होते. बाजारातल्या साध्या नोंदींतून निघालेले आणि अशा माणसाच्या हातून घडलेले हे शास्त्र आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

आता हे प्रतिमान कसे चालते ते थोडक्यात पाहू. माशाच्या कानात खड्यासारखे एक लहान हाड असते; झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्यावर वलये पडतात, आणि त्यावरून माशाचे वय कळते. दरवर्षी पकडलेल्या मासळीतील नमुने घेऊन, कोणत्या वयाचे किती मासे काढले गेले याचा तक्ता तयार होतो. मग हिशेब उलटा चालवावयाचा. यंदा पकडलेला सात वर्षांचा मासा गेल्या वर्षी सहा वर्षांचा होता आणि समुद्रात होता, हे निश्चित. त्यात निसर्गतः मेलेल्यांची भर घालावयाची. अशा रीतीने मागे मागे जात, पूर्वीच्या प्रत्येक वर्षी समुद्रात किती मासे असले पाहिजेत, हे काढता येते. जुन्या वर्षांसाठी ही पद्धत चांगली चालते. पण ज्या वर्षाचा निर्णय घ्यावयाचा ते वर्ष चालू असते, आणि आज समुद्रात जिवंत असलेले मासे अद्याप कोणाच्याच तक्त्यात आलेले नसतात. तेथे दुसरा साक्षीदार लागतो. एक साक्षीदार म्हणजे सरकारी सर्वेक्षण जहाज. दुसरा म्हणजे व्यापारी नौकांची तासामागची पकड: तासाला जाळ्यात जास्त मासे आले, तर समुद्रात जास्त मासे आहेत, असे मानावयाचे. वरकरणी हे तर्कशुद्ध दिसते. याच तर्काने एक आख्खा किनारा उद्ध्वस्त केला; ती कहाणी आपण नीट ऐकली पाहिजे.

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तेथील कॉड मासळीवर सुमारे पाचशे वर्षे युरोप पोसला गेला. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने असे सांगितले होते की, कॉडसारख्या मोठ्या सागरी मासेमारीला अंत नाही. माणूस काहीही करो, माशांच्या संख्येत लक्षणीय फरक पडणार नाही. किनाऱ्यावरच्या लहान होड्यांच्या काळात ते बहुधा खरेही असेल. १९५० नंतर मात्र पकडलेला मासा जहाजावरच कापून गोठवणारे प्रचंड ट्रॉलर युरोपातून येऊ लागले. १९६८ साली या एका साठ्यातून सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला. १९७८ पर्यंत पकड दीड लाख टनांच्याही खाली आली.

१९७७ साली कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंत आपला हक्क जाहीर केला आणि परकी जहाजांवर बंधने आणली. आता मासा आपला आणि शास्त्रही आपले, असे वातावरण होते. वर्षाला साठ्याच्या सुमारे एक पंचमांशच मासे काढावयाचे, म्हणजे साठा वाढत जाईल, असे धोरण ठरले. धोरण शहाणपणाचे होते. पण एक पंचमांश कशाचा? साठ्याचा आकडाच चुकला तर पंचमांशही चुकतो. परकी जहाजांची जागा देशी ट्रॉलर कंपन्यांनी घेतली. त्या दिवाळखोरीच्या काठावर आल्या, तेव्हा १९८३-८४ च्या सुमारास सरकारी पैशाने त्यांची दोन मोठ्या कंपन्यांत पुनर्रचना झाली. म्हणजे साठा मोजणारे सरकार ट्रॉलर कंपन्यांच्या नफ्यातोट्यातही गुंतले होते.

दोन प्रकारचे मच्छीमार त्या एकाच माशावर जगत होते. हिवाळ्यात खोल समुद्रात कॉडचे थवे अंडी घालण्यासाठी एकत्र येतात. तेथे ट्रॉलर जात. उन्हाळ्यात तोच मासा लहान कॅपेलिन माशांच्या मागे किनाऱ्याला येतो. तेथे गावोगावचे मच्छीमार खोक्यासारखी जाळी रोवून त्याची वाट पाहत. ट्रॉलर माशाच्या मागे धावतो. रोवलेले जाळे मासा आला तरच भरते. साठा घटू लागला की हा फरक निर्णायक ठरतो. उरलेले मासे विखरून राहत नाहीत, ते दाट थवे करतात. ध्वनियंत्राने ट्रॉलरला तो थवा सापडतो, आणि त्याची तासामागची पकड पूर्वीइतकीच राहते, कधी वाढतेही. समुद्र रिता होत असतो आणि वहीत भरभराट दिसत असते. किनाऱ्यावरच्या जाळ्यात मात्र मासा येईनासा होतो.

नेमके हेच घडले. १९८० नंतरच्या दशकात किनाऱ्यावरची पकड घसरू लागली, मासे आकाराने लहान येऊ लागले, आणि तेथील लोक सांगू लागले की, समुद्रातला मासा संपतो आहे. त्यांचे म्हणणे प्रतिमानात गेले नाही. हजारो लहान होड्या, प्रत्येकीची रीत निराळी, नोंदी विस्कळीत. उलट ट्रॉलरच्या नोंदवह्या व्यवस्थित. जे मोजावयास सोपे तेच मोजले गेले. किनाऱ्यावर मासा का येत नाही, तर पाणी थंड आहे म्हणून, असे स्पष्टीकरण देण्यात आले. पाणी त्या वर्षांत थंड होते हेही खरे. पण एवढ्याने सारा उलगडा होत नव्हता.

तेथील लहान मच्छीमारांनी पुढे जे केले ते आपण मनावर कोरून ठेवण्याजोगे आहे. ते नुसते निदर्शने करून थांबले नाहीत. त्यांच्या संघटनेने १९८६ साली विद्यापीठातील तीन जीवशास्त्रज्ञांना सरकारी हिशेब तपासावयास सांगितला. त्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, साठ्याचा अंदाज फुगलेला आहे, आणि तो वर्षानुवर्षे एकाच दिशेने चुकत आला आहे. सरकारी शास्त्रज्ञांनाही अखेर १९८९ च्या आरंभी ते मान्य करावे लागले: प्रत्यक्ष मासेमारी ठरवलेल्या प्रमाणाच्या दुपटीच्या घरात चालली होती. ठरलेले धोरण पाळावयाचे तर आदल्या वर्षीची २ लाख ६६ हजार टनांची मर्यादा १ लाख २५ हजारांवर आणावी लागणार होती. मंत्र्यांनी ती २ लाख ३५ हजारांवर आणली. कारण काय दिले? कारखाने बंद पडतील, रोजगार जाईल.

मित्रहो, हे कारण आपण चांगले ओळखतो. आपणही ते अनेकदा दिले आहे. २ जुलै १९९२ रोजी त्या मासेमारीवर संपूर्ण बंदी आली. ती दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली, आणि व्यापारी मासेमारीपुरती २०२४ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. १९८९ साली जो रोजगार वाचवण्यासाठी खरा आकडा बाजूला सारला, तो रोजगार तीन वर्षांत मुळासकट गेला.

कोणी म्हणेल, हा दोष गणिताचा नसून नफेखोरीचा आहे. मालकी समाजाची असती, तर असे घडते ना. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी देवमाशांच्या शिकारीचा इतिहास पाहावा लागेल.

दक्षिण महासागरातील देवमाशांची शिकार मर्यादित ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने जे माप वापरले ते असे: एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन देवमासे, म्हणजे अडीच हंपबॅक, म्हणजे सहा सेई. जिवंत प्राण्यांचे हे माप मुळात तेलाचे माप होते. एकूण कोटा तेवढा ठरे; त्यात कोणत्या जातीचे किती मारावयाचे हे शिकाऱ्यांवर सोपवलेले. साहजिकच सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्मिळ झालेला निळा देवमासा दिसला की तोच आधी मारला जाई. १९६० साली आयोगाने तीन तज्ज्ञ नेमले. त्यांच्या गणिताने असे भाकीत केले की, ठरवून दिलेला कोटा जहाजांना भरतासुद्धा येणार नाही. आणि तसेच झाले. गणित खरे ठरले, तरी ते माप १९७२ पर्यंत चालूच राहिले.

त्याच काळात सोव्हिएत युनियनचे ताफेही तेथे शिकार करीत होते. तेथे खाजगी नफा नव्हता. योजनेने नेमून दिलेले लक्ष्य होते, आणि लक्ष्य ओलांडणाऱ्यांना बक्षिसी होती. दक्षिण गोलार्धात आपण २,७१० हंपबॅक देवमासे मारले, असे सोव्हिएत सरकारने आयोगाला कळवले होते. प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक मारले गेले होते. राजवट कोसळल्यावर, १९९३ साली अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे जगासमोर आणले. खरे आकडे ताफ्यांवरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक होते. त्यांतल्या काहींनी जुन्या नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवल्या, म्हणूनच सत्य बाहेर येऊ शकले. तोवर जगातले शास्त्रज्ञ खोट्या आकड्यांवर गणिते मांडीत राहिले आणि देवमासे कोठे गेले याचे कोडे सोडवीत राहिले.

समाजवादाच्या नावाने चाललेला हा व्यवहार होता, म्हणून तो आपण इतरांपेक्षा अधिक स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. मालकी सरकारकडे गेली म्हणजे हिशेब लोकांकडे आला, असे होत नाही. कॅनडात कंपन्यांच्या वह्या ग्राह्य आणि लहान मच्छीमारांचा अनुभव अग्राह्य ठरला. रशियात सरकारने स्वतःच वही खोटी लिहिली. दोन्हीकडे दोष एकच: हिशेब बंद खोलीत झाला, आणि ज्यांच्या पोटाशी त्याचा संबंध होता त्यांना तो तपासता आला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. येथे हा संघर्ष नवा नाही. १९७० नंतरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध जो लढा दिला, त्याचे पडसाद देशभर उमटले. त्यानंतर किनारी राज्यांनी कायदे केले, आणि महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ साली आला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने सोमवंशी समितीच्या शिफारशींच्या आधारे पर्ससीन नौकांवर निर्बंध घातले आणि त्यांचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरवले. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने दिव्यांच्या प्रकाशातील मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याचा कायदा सुधारून दंड लाखांत नेला. या प्रत्येक निर्णयामागे कोठे ना कोठे साठ्याचा अंदाज आहे.

हा अंदाज प्रामुख्याने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कामावर उभा राहतो. १९४७ साली स्थापन झालेली ही सार्वजनिक संस्था किनाऱ्यावरची बंदरे आणि दिवस नमुना म्हणून निवडते, तेथे उतरलेली मासळी मोजते, आणि त्यावरून राज्याच्या एकूण उत्पादनाचा अंदाज बांधते. पद्धत शास्त्रीय आहे, आणि या संस्थेचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण ही मोजणी बंदरात होते. जाळ्यातून निघून समुद्रातच फेकून दिलेली बारीक मासळी बंदरात येत नाही. चोरून केलेल्या प्रकाशातील मासेमारीचा मालकही आपली पकड कशी आली हे सांगणार नाही. आणि न्यूफाउंडलंडची गोष्ट आठवून पाहा: दिव्याने खेचून एकत्र केलेल्या माशांची एका फेरीतली पकड भरघोसच दिसते. ती सर्वसाधारण पकडीत मिसळली, तर साठा घटत असताना अंदाज सुस्थितीचा येईल. रापण ओढणाऱ्याच्या हाती रिकामे जाळे, आणि कागदावर विक्रमी वर्ष, अशी अवस्था येण्यास वेळ लागणार नाही.

आपल्या बाजूचेही एक कटू सत्य सांगितले पाहिजे. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. त्याची बोटभर पिल्ले ट्रॉलरच्या जाळ्यात मरतात, तशीच ती आपल्या पारंपरिक डोल जाळ्यांतही मरतात. मोठ्यांवर बोट ठेवताना हे झाकून ठेवले, तर उद्या आपल्या नोंदींवर कोणी विश्वास ठेवणार नाही. संख्या आपल्या बाजूची असली म्हणून ती खरी होत नाही. ती तपासली गेली म्हणजे खरी होते.

मग आपण करावयाचे काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने स्वतःची वही ठेवावी. तारीख, जाळ्याचा प्रकार, आसाची माप, समुद्रात घालवलेले तास, कोणती मासळी किती, तिची लांबी, आणि परत फेकलेली किती. शिकलेली मुले घराघरांत आहेत. हे काम त्यांना जमणारे आहे. विस्कळीत नोंदी म्हणून आपला अनुभव बाजूला सारण्याची सबब यापुढे कोणाला मिळता कामा नये. रोवलेल्या जाळ्याची आणि रापणीची दहा वर्षांची प्रामाणिक वही ही शंभर निवेदनांहून वजनदार असते.

दुसरी गोष्ट, साठ्याचा अंदाज आणि त्यामागची गृहीतके मराठीत, सुबोध भाषेत, बंदरावर जाहीर व्हावीत अशी मागणी आपण केली पाहिजे. किती नमुने घेतले, निसर्गतः किती मासे मरतात असे मानले, फेकलेली मासळी धरली की नाही, गेल्या पाच वर्षांतले अंदाज नंतर किती चुकले, हे सांगितल्याविना दिलेला आकडा म्हणजे पंचनाम्याविना लावलेली पैसेवारी होय.

तिसरी गोष्ट, अंदाजात शंका असेल तेव्हा कमी आकडा धरावा, आणि त्या कपातीचा भार ज्याने जास्त काढले त्याच्यावर आधी पडावा. बंदीच्या काळात खलाशाच्या आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या चुलीची जबाबदारी शासनाने घ्यावी. रोजगार जाईल या भीतीने खरा आकडा दडपण्यापेक्षा, खरा आकडा मान्य करून रोजगाराची हमी मागणे, ही आपली भूमिका असली पाहिजे. पहिल्या मार्गाने न्यूफाउंडलंड कोठे गेले ते आपण पाहिले.

आणि तेथील गोष्ट अजून संपलेली नाही. २०२३ साली कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी प्रतिमान बदलले, त्यात १९५४ पासूनची जुनी माहिती घातली. नव्या हिशेबात धोक्याची रेषा खाली आली, आणि अतिधोक्याच्या वर्गातला साठा सावधगिरीच्या वर्गात गेला. पाण्यातले मासे तेवढेच होते. रेषा सरकली होती. हा बदल शास्त्रदृष्ट्या योग्यही असू शकेल. पण २०२४ च्या जूनमध्ये बंदी उठली, १८ हजार टनांची मर्यादा ठरली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संघटनेचा विरोध असतानाही ट्रॉलरांना पुन्हा वाटा मिळाला. बत्तीस वर्षांनंतर तेथील मच्छीमार तोच प्रश्न विचारीत आहेत: हिशेब कोणाचा, आणि वाटा कोणाचा?

आपल्याकडे हा प्रश्न बंदी येण्याआधी विचारला गेला पाहिजे. येत्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात जातील, तेव्हा प्रत्येक होडीत जाळ्याबरोबर एक वहीही जावी, एवढेच आजच्या दिवसाचे काम मी तुमच्यापुढे ठेवतो.